उम्म हमामवरचा कहवा

१

फल्हाच्या घरी दिवस उजाडायचा तो खलाच्या आवाजाने. घरामागच्या तंबूत तिचे वडील गन्नाम कहव्यासाठी भाजलेल्या कॉफीच्या बिया लाकडी खलात टाकत आणि बत्ता उचलत. वाळवंटातल्या त्या वस्तीत प्रत्येक घराचा कुटण्याचा ठेका वेगळा. डोळे मिटूनही कळायचं, आज कोणाकडे कहवा आहे. गन्नामचा ठेका दोनदा घाईने पडायचा आणि तिसऱ्यांदा जरा थांबून. त्यांचा गुडघा गेल्यापासून बत्तासुद्धा लंगडायला लागलाय, असं हिलय्यिल म्हणायचा. गन्नाम त्याच्या दिशेने बत्ता उगारायचे आणि मग स्वतःच हसायचे.

हिलय्यिल फल्हाचा दूधभाऊ. तो तान्हा असताना त्याची आई तापाने पडली, तेव्हा फल्हाच्या आईने त्याला आपल्या अंगावर पाजलं होतं. त्यामुळे दोघं एका दोराला बांधून दिवसभर कड्यावर लटकली तरी वस्तीत कोणाची भुवई वर जात नसे.

आजची सकाळ नेहमीसारखीच, पण फल्हाच्या हाताला चैन नव्हती. गेल्या आठवड्यात ती अकाबाहून आत्याकडून परतली, तेव्हा गन्नाम सगळ्यांसमोर थट्टेने म्हणाले होते, "आज तू पाहुणी. बस, मी ओततो." फल्हा बसली, कप घेतला आणि न पिता गालिच्यावर ठेवला.

तंबू एकदम गप्प झाला. कहवा न पिता कप खाली ठेवला, म्हणजे पाहुण्याचं काही मागणं आहे. ते काय आहे हे विचारायचं नसतं. यजमानाने आधी हो म्हणायचं, मग ऐकायचं. गन्नामनी दाढी खाजवली, इकडेतिकडे पाहिलं, आणि सुटका नाही हे कळल्यावर म्हणाले, "घे, कहवा घे. तुझं काम झालं."

फल्हाने एका घोटात कप संपवला आणि सांगितलं, की तुमच्या गुडघ्यामुळे बंद पडलेलं काम आता मी करणार. पुढच्या मोसमापासून डोंगर चढायला येणाऱ्या बाहेरच्या पाहुण्यांना दोराने वर मी नेणार.

माणसं इतकी हसली की गन्नामनाही हसावं लागलं. हसले नाहीत ते मिस्लिहकाका, गन्नामचे थोरले भाऊ. ते पाहुणे आपल्या मुलांकडे येतील असं त्यांनी धरलं होतं. ते म्हणाले, शब्द दिलाय तो दिलाय, पण पोरगी वाट दाखवू शकते हे आधी दिसू दे. उम्म हमाम डोंगराची पूर्वेची भिंत अजून कोणी पुरी चढलेलं नाही. तिने ती चढावी, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत पुढे तीच असावी. एका टप्प्यावर जरी कोणी तिच्यापुढे असलं, तर पाहुणे माझ्या मुलांचे.

"चालेल," फल्हा म्हणाली होती.

म्हणून आज गन्नाम तिच्या कमरेची गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. त्यांनी थर्मासमध्ये कहवा भरला, एक बिनकानाचा छोटा कप फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "घर नीट चालव."

२

हे घर चालवणं गन्नामनीच काढलेलं. कड्यावर जागोजागी विसाव्याचे कट्टे असतात. दोराच्या पुढच्या टोकाला असलेला माणूस आधी पोहोचतो, म्हणून तो कट्टा त्याचं घर. मागून येणारा पाहुणा. आधी पोहोचलेल्याने आधी त्याला खडकाशी पक्कं बांधायचं, मग कहवा ओतायचा. वाटाड्याने पाहुण्याला कड्यावर असंच आणावं, घरी आणल्यासारखं, असं ते म्हणत.

खालचा टप्पा फल्हाला पाठ होता. उन्हाने काळपट झालेला वरचा पापुद्रा टणक, आणि तो जिथे निघालाय तिथे आतला दगड साखरेसारखा. पाय ठेवायचा तो काळ्यावर. ती हाताच्या मुठी फटीत कोंबत, वारा लागताच गुणगुणत वर गेली. पहिल्या कट्ट्यावर खडकातल्या आरपार भोकातून पट्टा ओवला, त्याला दोर अडकवला आणि हाक दिली.

हिलय्यिल धापा टाकत आला. "कसलं हे घर," तो म्हणाला, "गालिचा नाही, उशी नाही. यजमानीणबाईंच्या केसांत माती."

"पाहुणा कसला आलाय ते बघ आधी," असं म्हणून तिने ओतलं. त्याने एक कप घेतला, दुसरा घेतला. तिने तिसरा ओतायला थर्मास कलता केला, तसा त्याने कप बोटांत धरून भराभर हलवला. कप हलवला म्हणजे पुरे. न हलवता परत दिला, तर यजमान ओततच राहतो.

"का रे? घे की तिसरा."

"पहिला पाहुण्याचा, दुसरा मजेचा, तिसरा तलवारीचा. तिसरा प्यायलो की तू बोलावशील तिथे मला तुझ्या बाजूने उभं राहावं लागेल. मिस्लिहकाकांच्या समोर? नको ग बाई. माझं अजून लग्न व्हायचंय."

दोघंही इतकी हसली की भिंतीतली कबुतरं उडाली. खाली वाळूत गन्नामची पांढरी जीप आणि तिच्या टपावर दुर्बीण लावून बसलेले दोन म्हातारे भाऊ मुंग्यांएवढे दिसत होते.

३

त्याच्या वरचा टप्पा कोणी चढलेला नव्हता. एक फट डावीकडे सरकत जाऊन खडकाच्या कडेआड गेली होती. कडेपलीकडे गेल्यावर हिलय्यिल दिसेना, फक्त दोर हातभर हातभर सुटताना जाणवे. तो दोर छान सोडायचा. ना ओढ, ना ढील. फल्हाला वाटलं, आपण एकटीच नाचतोय आणि कोणीतरी मागून टाळ्या देतंय.

तिने वरच्या कट्ट्याच्या काठावर हात टाकला, अंग वर ओढलं आणि गुडघ्यावर बसली.

कोनाड्यात एक कप होता. त्यातून वाफ निघत होती.

तिने आधी आपली पिशवी चाचपली. आपला कप फडक्यात जागच्या जागी होता. हा दुसरा होता, पांढरा, काठावर एक टवका उडालेला. वेलदोड्याचा वास नाकात शिरला.

काकांची पोरं, तिला वाटलं. पलीकडच्या जुन्या शिकारीच्या वाटेने माथ्यावर गेली असणार, तिथून दोर सोडून खाली आली असणार, मला चिडवायला. तिने वर पाहिलं. भिंत बाहेरच्या बाजूला झुकलेली. वरून कोणी दोरावर उतरलं असतं तर या कट्ट्यापासून लांब, हवेत लोंबकळत राहिलं असतं. कट्ट्यावर वाऱ्याने आणलेली तांबडी वाळू पसरली होती. त्यात तिच्या स्वतःच्या गुडघ्यांच्या दोन खुणा होत्या. बाकी कबुतराचं पाऊलसुद्धा नव्हतं.

गरम कहवा समोर ठेवला आणि घेतला नाही, असं तिने जन्मात केलं नव्हतं. हात आपसूक गेला. कहवा छान होता, जरा धुरकट, ओल्या लाकडावर केल्यासारखा. कप रिकामा करून तिने परत कोनाड्यात ठेवला. हलवायचं मनात आलंही होतं. पण हलवायचा कोणापुढे?

हिलय्यिल वर आला तेव्हा तिने थर्मास उघडला नाही. तिने कपाकडे बोट दाखवलं. तो आधी हसला, मग त्याने कपाला पालथा हात लावून पाहिला.

"अजून कोमट आहे," तो म्हणाला.

"काकांची पोरं."

"हो. तीच असणार." त्याने कट्ट्यावरच्या वाळूकडे पाहिलं.

४

पुढचा टप्पा म्हणजे दोन भिंतींमधली अरुंद उभी खाच. पाठ एका भिंतीला, पाय दुसरीला लावून सरकत सरकत वर जायचं. आत गारवा होता. अर्ध्यावर गेली तेव्हा फल्हाला आवाज ऐकू आला.

वर कुठेतरी, खडकाच्या आत, खल वाजत होता.

तिने श्वास धरून ऐकलं. दगड सुटून पडताना असा आवाज येतो. तापलेला खडक तडकताना येतो. वारा भोकातून शिरला तरी येतो. पण वारा मध्येच बत्ता खलाच्या काठावर घासून घुंगरू वाजवल्यासारखं करत नाही. चांगला कुटणारा करतो, शेजाऱ्यांना बोलावणं म्हणून. या या, कहवा झाला, असं.

भीती वाटायला हवी होती, थोडी वाटतही होती. पण ठेका असा काही लागला होता की तिचे पाय त्यावर पडू लागले. पाठ, पाय, पाठ, पाय. इतकी हलकी ती कधी चढली नव्हती. खालून हिलय्यिलनेही सूर धरला, उंटावर बसून म्हणतात त्या गाण्याचा. त्यालाही ऐकू येत होतं तर. एक ओळ त्याची, एक तिची, आणि मध्ये खल. खाच लग्नघरासारखी दुमदुमली.

कट्ट्यावर पोहोचताच आवाज थांबला. कप वाट बघत होता, तोच, टवका उडालेला. या वेळी ती वाकून बघत बसली नाही. दमली होती, आनंदात होती, तहान लागली होती. प्यायली. हा पहिल्यापेक्षा चांगला होता.

हिलय्यिल वर आला तो हसतच, आणि कप बघून त्याचं हसू हळूहळू गेलं. तो कट्ट्यावर टेकला आणि खाली बघत बोलला.

"फल्हा, तो ठेका कोणाच्या घरचा ग?"

तिने वस्तीतली सगळी घरं मनात फिरून पाहिली. नंतर खोऱ्यातल्या बाकीच्या वस्त्या. मेलेल्या म्हाताऱ्यांचे ठेकेही आठवून पाहिले.

"कोणाचाच नाही," ती म्हणाली.

"दोन झाले तुझे?"

"दोन झाले."

"हलवलास?"

तिने नुसती मान हलवली, नाही. हिलय्यिलने कपाळावरचा घाम पुसला. त्याने सांगितलं, की इथून अजून दोर टाकून उतरता येईल. काकांना सांगू, वारा सुटला होता. तिला कोणी हसणार नाही. उन्हाने भिंतीचा वरचा अर्धा भाग मधासारखा पिवळा झाला होता आणि माथा दिसत होता, अगदी जवळ.

उतरलं तर पाहुणे काकांच्या मुलांचे. आणि न उतरताही तेच होणार होतं, हे फल्हाच्या आत्ता ध्यानात आलं. आधी पोहोचतो तो यजमान. दोन कट्ट्यांवर तिला कहवा मिळाला होता. म्हणजे दोन कट्ट्यांवर तिच्यापुढे कोणीतरी होतं.

"मी वर जाते," ती म्हणाली. "तू दोर नीट धर."

"दोर मी नीटच धरतो," हिलय्यिल दुखावून म्हणाला. मग त्याने तिच्या कमरेची गाठ ओढून पाहिली, गन्नाम ओढत तशी, पुन्हा पुन्हा.

५

शेवटचा कट्टा म्हणजे दाराच्या उंबऱ्याएवढी जागा. त्यावर कप. तिसरा.

वर थोडीच भिंत राहिली होती. एक फट, तिच्या तोंडाशी एक आडवा खडक, आणि मग आकाश. फल्हाने पट्टा ओवला, स्वतःला बांधलं, कप दोन्ही हातांत घेतला. चटका बसेल इतका गरम. तलवारीचा, हिलय्यिल म्हणाला होता. हा प्यायला की ज्याचा कहवा आहे त्याच्या हाकेला जायचं.

ओतून झालेला कप हलवता येत नाही. फेकून देणं हे तर तिच्या डोक्यातही आलं नाही. तिला वडील आठवले, दाढी खाजवून सुटका शोधणारे, आणि त्या उंचीवर तिला चक्क हसू आलं.

तिने कप न पिता खडकावर ठेवला.

भिंत गप्प झाली. कबुतरं थांबली, दोरावरचा वाऱ्याचा आवाज थांबला. खालून हिलय्यिलने हाक मारली, ती तिला ऐकू आली खरी, पण खूप लांबून, दुसऱ्याच कोणाला मारल्यासारखी.

"या टप्प्यावर मला पुढे जाऊ द्या," फल्हा म्हणाली. इतकंच. साध्या आवाजात, शेजारी बसलेल्या माणसाला म्हणावं तसं.

वर खलाच्या काठावर बत्ता एकदा वाजला. मग आडव्या खडकाच्या तोंडाशी, फटीत, काहीतरी बाजूला सरलं. तिला फक्त एक बाही दिसली. खडकाच्याच रंगाची, वाळूने माखलेली, आणि बाहीच्या टोकाला खडकाची कड सोडणारा हात, बोटांची टोकं दगडाने झिजून गुळगुळीत झालेली. चढणाऱ्या माणसाचा हात. तो कितीतरी वेळ आत जात राहिला. बाही संपता संपेना.

काम झालं होतं. आता कहवा घ्यायलाच हवा होता.

तिने कप उचलला आणि तळापर्यंत प्यायली. इतका चांगला कहवा तिने परत कधी प्यायला नाही.

मग ती त्या फटीत शिरली. हात जिथे पडेल तिथे पकड होती. खडक आतून उबदार होता, नुकतंच कोणी उठून गेलेल्या जागेसारखा.

६

माथ्यावर कोणी नव्हतं. सपाट तांबडा खडक, वाळूच्या लाटा न मोडलेल्या, आणि चहूकडे डोंगर, समुद्रात गलबतं उभी असावीत तसे. फल्हा मोठ्याने हसली. हिलय्यिल वर आला आणि त्याने तिला उचलून गरगर फिरवलं, दोर दोघांच्या पायात अडकून दोघं पडली, आणि पडल्या पडल्या गात राहिली.

जुन्या शिकारीच्या वाटेने ती खाली आली तेव्हा गन्नाम लंगडत जीपपासून धावत आले.  ते लगेच तिच्या कमरेची गाठ सोडू लागले.

मिस्लिहकाकांनी दुर्बीण गळ्यात टाकली. "पुढे तूच दिसत होतीस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कटुता नव्हती. "बोल, होतीस ना?"

हो म्हणणं सोपं होतं. फल्हाने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला ते जमलं नाही.

"शेवटच्या टप्प्यावर होते, काका. त्याआधी माझ्यापुढे कोणीतरी होतं."

"कोण?"

"विचारलं नाही. कहवा दिला मला. वरच्या दर कट्ट्यावर."

काका भिंतीकडे बघत राहिले. हिलय्यिल वाळूत बोटाने रेघा काढत होता. गन्नामच्या हातातली गाठ तशीच राहिली.

"किती?" काकांनी विचारलं.

"तीन."

काकांनी दुर्बीण काढून तिच्या गळ्यात घातली. "तिसराही घेतलास, म्हणजे त्याच्या हाकेला तू बांधलेली. पाहुणे तुझे," ते म्हणाले. "माझी मुलं मध्ये येणार नाहीत. मी येऊ देणार नाही." आणि ते जीपच्या मागच्या सीटवर जाऊन बसले, भिंतीकडे पाठ करून.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी गन्नामनी बोकड कापला. वाळूत पुरलेल्या भट्टीतून मांस आणि भात वर काढला, तेव्हा सगळी वस्ती तंबूत होती. बायकांच्या बाजूने टाळ्या, पुरुषांच्या बाजूने गाणं. हिलय्यिल चढाईची गोष्ट सांगत होता, दर वेळी थोडी वाढवून. पण खलाचं त्यात काही नव्हतं. गन्नामनी सगळ्यांसमोर फल्हाचं नाव घेतलं आणि किटली तिच्या हातात दिली. "आजपासून घर तिचं," ते म्हणाले. "ओतू दे तिला."

तिने उजवीकडून सुरुवात केली. कप जाई, हलवून परत येई, पुढच्याला भरून जाई. मिस्लिहकाकांनी एकच घेतला, पटकन हलवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. फल्हाला वाटत होतं, छाती फुटेल इतकं सुख झालंय.

रांगेच्या शेवटी, तंबूचा पडदा खाली सोडला होता तिथे, सावलीत आणखी एक जण बसला होता. तिने कप पुढे केला. हात आला, कप घेऊन आत गेला, रिकामा परत आला. हलवलेला नव्हता. तिने दुसरा ओतला. तोही तसाच परत आला. तेव्हा तिचं लक्ष कपाकडे गेलं. काठावर टवका उडालेला होता.

तिने वर पाहिलं नाही. पाहुण्याला न्याहाळायचं नसतं, नाव विचारायचं नसतं. गाणं चालूच होतं. फक्त हिलय्यिलचा सूर त्यातून गळून पडलेला तिला कळला.

तिने तिसरा ओतला.

तांबड्या वाळूने माखलेली बाही पुढे आली. झिजलेल्या बोटांनी कप घेतला, आणि न पिता, अलगद, तिच्या गुडघ्यासमोर गालिच्यावर ठेवला.

फल्हाने किटली खाली ठेवली. शेजारी बसलेल्या गन्नामचा हात दाढीकडे गेला. पण घर आज तिचं होतं, आणि घरात काय म्हणायचं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"घ्या, कहवा घ्या," ती म्हणाली. "तुमचं काम झालं."

आणि मागणं ऐकायला ती सावलीकडे वाकली.